सुकापूरचा बंद पडणारा पंप

पद्मजाला तुम्ही चहा दिलात तर ती आधी कप उचलून त्याचं बूड बघते. कप गळतो का, एवढंच तिला बघायचं असतं. नव्या माणसाला मात्र वाटतं, हिला आपल्या घरच्या भांड्यांचा संशय आहे, आणि मग जी अढी बसते ती कायमची. मी तिला कॉलेजपासून ओळखते, त्यामुळे माझी अढी केव्हाच झिजली. आता मीच कप पुसून पुढे करते.

तिचा धंदा चारचौघांत सांगायला जरा अवघड आहे. लग्नाच्या बोलण्यांत तिची आई "मुलगी इंजिनियर आहे" एवढं सांगून पोह्यांकडे वळायची. इमारतीतल्या संडास-बाथरूमचं पाणी बाहेर कसं न्यायचं, हे पद्मजा ठरवते. बऱ्याच ठिकाणी त्यात ठरवण्यासारखं काही नसतं, घाण उताराने आपणहून रस्त्यातल्या गटारात जाते. पण आमच्या पनवेलच्या आजूबाजूला उतार राहिलाय कुठे? भातखाचरांत इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांच्यापुढचे रस्ते दर निवडणुकीला सिमेंटचा थर घेऊन वर चढत गेले. त्यामुळे गटार वर आणि तळमजला खाली, अशी उलटी तऱ्हा. अशा ठिकाणी जमिनीत टाकी बांधायची, तळमजल्याची घाण तिच्यात गोळा करायची आणि पंपाने वर ढकलून रस्त्यातल्या गटारात सोडायची. हे सगळं कागदावर आखून देणारी बाई म्हणजे आमची पद्मजा.

"उतारावर विश्वास ठेवता येतो, पंपावर नाही," असं ती म्हणते. म्हणून ती टाकीत दोन पंप टाकते, एक बंद पडला तर दुसरा असावा म्हणून. दुसऱ्यावरही तिचा विश्वास नसतो, म्हणून टाकी भरत आली की बोंबलणारा एक भोंगा बसवते, आणि त्याला बॅटरी वेगळी. पंपाचा पाईप ती आधी चांगला डोक्यावर उंच नेते आणि मगच रस्त्याकडे वळवते, कारण पावसाळ्यात रस्त्यातलं गटार तुंबलं तर ते उलटं घरात शिरेल अशी तिला धास्ती. या धंद्याने तिला संशयी केलं की संशयी म्हणून ती या धंद्यात शिरली, हे मला अजून कळलेलं नाही. तिच्या नवऱ्यालाही नाही, आणि तो बिचारा फार खोलात जात नाही.

माझं जुन्या पनवेलमध्ये नकाशे छापायचं दुकान आहे आणि राहायला मी सुकापूरला, तिसऱ्या मजल्यावर. आमच्या इमारतीच्या सांडपाण्याची आखणी पद्मजाचीच. वरच्या मजल्यांचं पाणी उताराने थेट रस्त्यात जातं. फक्त तळमजल्याचं टाकीत येतं आणि पंपाने वर जातं. तळमजल्यावर एक दातांचा दवाखाना आहे, वॉचमनची मोरी आहे आणि चंद्रावतीकाकींचं घर आहे. ही इमारत ज्या शेतावर उभी आहे ते शेत काकींचं. नवऱ्याने ते बिल्डरला देताना तळमजल्यावरचं घर मागून घेतलं होतं. वरच्या मजल्यावर पायाला जमीन लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते आता नाहीत. घर कागदोपत्री मुलाच्या, बाळूच्या नावावर आहे, आणि बाळूने स्वतःचा बंगला बांधलाय कोन गावाला, हायवेच्या बाजूला.

यंदा गणपतीत काकींच्या घरात घाण उलटली. दीड दिवसाचा गणपती, घरात पाहुणे, आणि मोरीतून काळं पाणी वर येऊन थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत. टाकीचं झाकण उचकटून ते पार्किंगमध्येही पसरलं. प्लंबरला बोलावलं तर तो म्हणाला, पंप तर चालू आहे. खरंच चालू होता. बघता बघता टाकी रिकामी झाली. सगळ्यांनी ठरवलं, पाहुण्यांमुळे झालं असेल.

मग नवरात्रात, तिसऱ्या माळेला, पुन्हा तेच. पुन्हा प्लंबर आला, पुन्हा पंप चालू सापडला.

आता सोसायटीत कुजबुज सुरू झाली. वरच्यांना तळमजल्याचा संशय. "हे गाववाले काय वाट्टेल ते मोरीत टाकतात," दुसऱ्या मजल्यावरची रुचिरा मला लिफ्टमध्ये म्हणाली. "मासळीची खवलं, चिंध्या. दुसरं काय असणार?" काकींच्या नातलगांना वरच्यांचा संशय. कुणीतरी मुद्दाम चोरून आपलं पाणी टाकीत सोडतंय, असं त्यांच्यात बोललं जायचं. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंना वॉचमनचा संशय. आणि सेक्रेटरी केतनला पद्मजाचा. हा केतन मूळचा ठाण्याचा, बोलायला साखर, आणि कुठल्याही गोष्टीला "सोसायटीच्या इंटरेस्टमध्ये" असं शेपूट लावणारा. त्याने व्हॉट्सॲपवर लिहिलं की डिझाइनच फॉल्टी आहे, टाकी छोटी आहे, पाहुणे आले की पुरत नाही. तळमजल्याचं ड्रेनेज कायमचं बंद करावं आणि त्या जागेत जिम करावी. बाळूशेठ तयार आहेत, ते आईला कोनला नेतील. रविवारी मीटिंगमध्ये तसा ठराव मांडू.

बाळू खरंच तयार होता. वाईट मुलगा नाही तो. आईच्या घरात सणासुदीला गुडघे टेकून घाण उपसावी लागली, तेव्हा त्याच्या जिवाचं पाणी झालं. "आये, आता हट नको. चल कोनला," असं तो पार्किंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला. काकी घरात गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. मला तेव्हा फार वाईट वाटलं. स्वतःच्या शेतातून माणसाला उठवायचं, तेही मोरी तुंबते म्हणून.

मी पद्मजाला फोन केला. दसरा उलटल्यावर ती गमबूट आणि बॅटरी घेऊन हजर झाली, आणि आल्या आल्या तिने पहिला संशय घेतला तो माझ्यावर.

"मने, तुमच्याकडे कुणी काही टाकतं का गं?"

"माझं पाणी टाकीत जातच नाही. तूच तसं आखलंयस ना?"

"आखलं तसंच बांधलं कशावरून?"

झालं. तिने प्रत्येक मजल्यावर जाऊन संडासात लाल रंग ओतला आणि पाणी सोडायला लावलं. जिलेबीत घालतात तो रंग. मी खाली टाकीपाशी उभी, ती बाहेर रस्त्यातल्या गटाराच्या झाकणाशी. कुणा वरच्याचं पाणी चोरून टाकीत येत असतं तर टाकी लाल झाली असती. रुचिरा गॅलरीतून ओरडून विचारत होती, हे आमच्या टाइल्सवरून जाईल ना? रंग बरोबर रस्त्यातल्या गटारात उतरला, टाकीत थेंबही नाही. म्हणजे बांधकामवाला भावेश सुटला. पद्मजाला जरा हिरमुसल्यासारखंच झालं, कारण भावेशवर तिचा जुना संशय होता.

मग साखळी ओढून दोन्ही पंप वर काढले. पात्यांत चिंधी नाही, खवल नाही, केसांचं भेंडोळं नाही. तिने पाणी भरून बघितलं, पंप वेळेवर चालू झाले आणि वेळेवर बंद. पाईपातून पाणी मागे येत नव्हतं. भोंगा मात्र मुका होता. त्याच्या वायरी कुणीतरी सोडवून, नीट टेप लावून ठेवल्या होत्या.

"हे कुणी केलं?"

"सेक्रेटरीसायबांनी," वॉचमन तुळशीराम म्हणाला. "पोरांच्या बारावीच्या परीक्षा होत्या. त्या वक्ताला एकदा वाजला तर सगली चिडली."

मला तर आनंदाच्या उकळ्याच फुटल्या. भोंगा काढणारा केतन, जिम मागणारा केतन, ठराव मांडणारा केतन. चोर आयता सापडला असं मी पद्मजाच्या कानात सांगितलं. तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मीच चोर. "मने, तुला तो आवडत नाही, एवढंच सिद्ध झालंय," ती म्हणाली. "पंप चांगला आहे, टाकी चांगली आहे, पाईप चांगला आहे. म्हणजे हा पंप कुणीतरी हाताने बंद करतं. आणि घाण उलटली की बोभाटा व्हायच्या आत कुणीतरी चालू करतं. दोन्ही वेळा सणालाच हे घडलं. कोण करतं ते मला बघायचंय."

पंपाची बटणं पार्किंगमध्ये, काकींच्या मागच्या दाराशेजारी, एका लोखंडी पेटीत आहेत. पेटीला कुलूप, किल्ली तुळशीरामकडे. तो काकींच्याच गावकीतला. पद्मजा त्याला काही विचारायला तोंड उघडायची, तोवर तो "नाय मॅडम" म्हणून मोकळा. प्रश्न ऐकायच्या आधी उत्तर देणारा माणूस पद्मजाच्या तावडीतून सुटत नाही, पण त्या दिवशी तिने त्याला सोडलं. कारण तिने पेटी उघडून दोन्ही पंपांच्या मुख्य बटणाचा गोल दांडा बोटांनी चाचपला होता आणि बोटं नाकाशी नेली होती. टाकीत वाकून वास घेणारी बाई, तिला त्याचं काय! पण तिचा चेहरा एकदम गोंधळला. तिने माझ्या नाकापुढे बोटं धरली.

तुपाचा वास होता. साजूक तुपाचा, आणि त्यात जरा काजळी.

काकी मागच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून फुलवाती वळत होत्या. सकाळपासून त्या तिथेच होत्या आणि पद्मजाची प्रत्येक हालचाल बघत होत्या. आता पद्मजा त्यांच्याकडे बघायला लागली. दोघीही तशाच बघत राहिल्या. कुणी मान वळवेना. शेवटी काकींनी वातीचं ताट उचललं आणि आत गेल्या.

"दिवेलागणीपर्यंत थांबू," पद्मजा म्हणाली.

आम्ही माझ्या गाडीत काचा वर करून बसलो. मला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती, दोन घोड्या बायका एका म्हातारीवर पाळत ठेवून. अंधारायला लागलं तसा तुळशीराम उठला, इकडेतिकडे बघून त्याने पेटीचं कुलूप काढलं आणि तोंड फिरवून उभा राहिला. मागचं दार उघडलं. काकी आल्या, बटण फिरवलं आणि आत गेल्या. सगळं इतकं सवयीचं की दोघांत एक शब्द झाला नाही.

आतून घंटेचा आवाज आला. पद्मजा गाडीतून उतरून सरळ मागच्या दाराशी गेली. मी तिला म्हटलं, आत्ता नको, पूजा होऊ दे. ती थांबली, पण दारातच. काकींनी वळून न बघता सांगितलं, "आत ये. भायेर उभी राहून बगू नको. चपला काढ."

मागच्या दारातून आत शिरलं की उजव्या हाताला लहानशी खोली. पश्चिमेच्या भिंतीला लाकडी देव्हारा, त्यात चांदीचे टाक, खंडोबा, एकवीरा, आणि तेवतं निरांजन. देव्हाऱ्यामागे भिंतीचा कोपरा जरा पुढे आलेला, चौकोनी, प्लास्टर केलेला, वर छतापर्यंत गेलेला. मला त्यात काही विशेष दिसलं नाही. पद्मजाला दिसलं. तिने हात पुढे केला, देव्हाऱ्याला लागेल म्हणून मागे घेतला, आणि तिचा चेहरा उतरत गेला तो मी बघितला. त्या कोपऱ्याच्या आत तिचा पाईप होता. टाकीतून निघून, देवांच्या पाठीमागून वर चढून, देवांच्या डोक्यावरून रस्त्याकडे जाणारा.

"कागदावर ही खोली स्टोअर होती," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक.

"आमाला कोन इचारला?" काकी म्हणाल्या. "माज्या घरान देवाची खोली कंची, ता कोनीच इचारला नाय. हे पूर्वेला तोंड करून देव बसवून गेले. वास्तुशांतीला त्यांच्या हातचे बसवलेत ते. मना ते हालवाचे नाय."

"पण पंप का बंद करता?"

काकींनी आधी माझ्याकडे बघितलं. मी हसते का, ते बघत होत्या. मी हसले नाही, देवाशपथ.

"घान खाली जाते ती जाऊं दे, बाय. खाली जायाचा तिचा कामच हाय. समद्यांच्या घरान जाते. पन ही वर चढते. मी दिवा लावते न मागं भितीन गुडगुड करून ता वर चढते, न देवांच्या डोक्यावरना जाते. मी हात जोडून कशी उभी रऊ? म्हनून दिवा हाय तवर बंद ठेवते. दिवा शांत झाला का तुलशीराम चालू करतो."

आता सगळं समजलं. रोज संध्याकाळी थोडा वेळ पंप बंद राहिला तर टाकी सांभाळून घेते. गणपतीत दीड दिवस दिवा तेवत होता, दीड दिवस पंप बंद. आणि नवरात्रात घट बसलेला, अखंड दिवा. काकींनी स्वतःच्या घरचं पाणी वापरणं जवळजवळ सोडलं होतं, अंघोळीला जावेकडे जायच्या, पण दवाखान्याचं पाणी येतच राहिलं. तिसऱ्या माळेला टाकी उलटली तेव्हा तुळशीरामने घाबरून बटण फिरवलं. उरलेल्या माळांना काकी दुपारी गावदेवीच्या देवळात जाऊन बसायच्या आणि तेवढ्यात तो टाकी रिकामी करायचा. काकींना आपल्या कानाने ते ऐकावं लागू नये म्हणून.

"तुम्ही हे बाळूला का सांगितलं नाही?" मी विचारलं.

"कसा सांगू? देवाचा नाव न त्या घानीचा नाव एका तोंडाना कसा घेव? आनि सांगला आसता तर तो बोल्ला आसता, देव घे न चल कोनला. मी या जाग्यान भाताची आवनी केली हाय. माजा आखा जल्म इथं गेला. मना इथना नको नेव." मग त्या पद्मजाकडे वळल्या आणि एकदम कठोर झाल्या. "आता तू जाऊन सांगशील सगल्यांना. सांग."

पद्मजा बाहेर पडली. माझ्या मजल्यावर येऊन जिन्यात बसली आणि गमबूट काढायचेही विसरली. "मी पंपावर संशय घेतला, भावेशवर घेतला, तुझ्यावर घेतला," ती म्हणाली. "स्टोअर या शब्दावर घेतला नाही. कमीत कमी वळणं येतात म्हणून पाईप त्या कोपऱ्यात टाकला आणि खूश झाले." मला तिची दया आली. तिने चूक शोधायला जावं आणि ती आपल्याच कागदावर सापडावी, यासारखं वाईट तिच्यासाठी दुसरं नाही.

पेच असा होता. खरं सांगितलं तर काकींचं हसं होणार, आणि बटणाशी खेळणाऱ्या म्हातारीला बाळू त्याच दिवशी कोनला नेणार. टाकी पुरत नाही म्हणून सांगितलं तर ठराव मंजूर, तळमजला बंद, आणि काकी पुन्हा कोनलाच. पद्मजाने ठरवलं की पाईप चुकीच्या जागी आहे, तो बाहेरच्या भिंतीवर घेते, एवढंच सांगायचं आणि पुढे कुणी विचारू नये अशी देवाला प्रार्थना करायची. मी म्हटलं, केतन विचारणार. ती म्हणाली, माहीत आहे.

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. बाळू पांढऱ्या शर्टात, सही करायच्या तयारीने आलेला. काकी मागच्या दारात, नेहमीच्या खुर्चीवर. तुळशीराम गेटजवळ, कान इकडे. केतनने ठराव वाचला आणि पद्मजाकडे बघून गोड हसला.

पद्मजा उठली. "पाईप चुकीच्या जागी आहे. चूक माझी. मी तो बाहेरून घेऊन देते. तळमजला बंद करायचं कारण नाही."

"म्हणजे डिझाइन चुकलं हे तुम्ही ॲक्सेप्ट करता?" केतन म्हणाला.

"हो."

"टाकी छोटी आहे?"

"टाकी पुरेशी आहे."

"पंप वीक आहे?"

"पंप चांगला आहे."

"मग मॅडम, चांगला पंप सणाच्या दिवशी बंद का पडतो? काहीतरी लपवताय तुम्ही. सोसायटीच्या इंटरेस्टमध्ये विचारतोय."

सगळ्या जगाचं खोटं पकडणाऱ्या बाईला स्वतःला एक धड खोटं बोलता येत नाही. ती लाल झाली, तिने रुमाल काढला, परत ठेवला. रुचिरा माझ्या कानात म्हणाली, "बघ, बिल्डरला सामील असणार." बाळूने खिशातून पेन काढलं.

"ती नाय लपवत," काकींचा आवाज आला. "बटन मी बंद करते."

सगळ्या माना वळल्या. काकी उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. आम्हाला सांगितलं तसंच, खालच्या मानेने, पण एकही गोष्ट न गाळता. देवाचं नाव घेताना थांबायच्या, डोक्यावरचा पदर नीट करायच्या, मग पुढचं बोलायच्या. शेवटी म्हणाल्या, "तुमचा तरास झाला. माज्यामुलं झाला. तुलशीरामला कोन काय बोलू नका, तो माजा आयकतो म्हनून." आणि बसल्या.

मी बाळूकडे बघत होते. त्याची मान खाली गेली होती. केतनच्या तोंडावर ते मघाचं हसू अजून तसंच होतं, काढून ठेवायला जागा न मिळाल्यासारखं. मला वाटलं, आता कुणीतरी फिसकन हसेल आणि मग काकींचं काही खरं नाही.

पहिली बोलली ती रुचिरा. "पद्मजाताई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज भलताच मऊ झाला होता, "आमच्या देवघरामागे काय आहे हो?"

पद्मजा खोटं बोलू शकत नाही, हे मी सांगितलंच. "दोनशेदोन ना? तुमच्या देवघराच्या भिंतीपलीकडे डक्ट आहे. वरच्या तीन मजल्यांचा संडासाचा पाईप त्यातून खाली येतो."

रुचिराने तोंडावर हात ठेवला. पाठोपाठ चौथ्या मजल्यावरचे उठले, मग पहिल्यावरचे, आणि बघता बघता मीटिंगची शिस्त पार गेली. जो तो आपल्या फ्लॅटचा नंबर सांगत होता आणि देव्हारा कुठल्या भिंतीला आहे ते हातवारे करून दाखवत होता. गाववाले आणि त्यांची खवलं सगळे विसरले. एकाने तर मोबाईलवर देव्हाऱ्याचा फोटोच पद्मजासमोर धरला. मंडळी अशी घाबरलेली मी पुरातही बघितली नव्हती.

केतन सगळ्यात शेवटी आला. पद्मजाकडे नाही, काकींकडे. त्याने खुर्ची ओढली, बसला, आणि हळूच विचारलं, "काकी, आमचा किचनमध्ये आहे देव्हारा. मागून पाईप जातो, पण वरून खाली जातो. खाली जाणारा चालतो ना?"

काकींनी जरा विचार केला. एवढी माणसं उत्तरासाठी खोळंबलीत हे त्यांनाही कळलं होतं. "चालतो," त्या म्हणाल्या. "खाली जायालाच झालाय तो."

पार्किंगभर एक मोठा सुस्कारा पसरला. ठरावाचा कागद केतनच्या खुर्चीवर तसाच राहिला आणि पुढे कुणी त्याचं नाव काढलं नाही. बाळूने मात्र आईला काहीच म्हटलं नाही, आणि जाताना तो तुळशीरामजवळ थांबून काहीतरी विचारत होता. त्यामुळे माझी धाकधूक संपली नव्हती. मुलाच्या मनात काय आहे ते मुलालाच माहीत.

पद्मजाने पाईप बाहेरच्या भिंतीवरून घेतला. वळणं वाढली, ती तिला अजून डाचतात. घरातला जुना पाईप कापून काढला, कोपऱ्यातला तो चौकोन फोडला आणि भिंत सपाट केली. काम चालू असताना काकी देव्हाऱ्यासमोर पडदा धरून उभ्या होत्या, देव न हलवता. त्यांना गवंड्याचाही संशय होता आणि पद्मजाचाही, आणि त्यांनी तो लपवला नाही. भोंगाही परत जोडला.

पहिल्या संध्याकाळी आम्ही सगळे मागच्या दाराशी जमलो. बाळूही कोनहून आला होता. पद्मजाने टाकीत पाणी सोडून ठेवलं होतं. काकींनी निरांजन लावलं आणि देवांना नमस्कार न करता त्या भिंतीकडे गेल्या. भिंतीवर तळहात टेकला आणि कान लावला. टाकीत पंप सुरू झाला. बाहेर पाईपातून पाणी वर चढल्याचा आवाज आला, वळला, रस्त्याकडे गेला. काकी तशाच उभ्या. पंप थांबला तरी त्यांनी हात काढला नाही. तुळशीरामही श्वास रोखून उभा होता, किल्ली मुठीत धरून.

मग काकींनी हात काढला, पदराला पुसला आणि बाळूला म्हणाल्या, "कोनला माजी म्हनून जी खोली ठेवलीस ती कोनाला तरी भाड्याना दे. घर रिकामा ठेवू नये."

"बरा, आये," बाळू म्हणाला. त्याने चपला काढल्या आणि आईच्या मागे हात जोडून उभा राहिला.